गाडग्यातली सरकी, दुकानातली बॅग

पेडगावातून बोलतेय.

मृग तोंडावर आलाय. रानं नांगरून, वखरून तयार आहेत आणि घराघरांत एकच बोलणं चाललंय, यंदा कपाशीच्या किती बॅगा घ्यायच्या आणि पैसा कुठून आणायचा. आपल्या बचत गटातलं निम्मं कर्ज याच महिन्यात उचललं जातं. म्हणून आज कर्जाच्या हप्त्याचं नाही, त्या बॅगेचंच बोलू. ती आपल्या घरात कधी आली, तिची किंमत कुणी ठरवली, आणि ती किंमत एकदा एकाच हंगामात निम्म्यावर कशी आली. राजेरजवाड्यांचा इतिहास शाळेत शिकलो. हा आपल्या चुलीजवळचा इतिहास आहे, आणि तो आपल्याला कुणी शिकवलेला नाही.

बी घरात होतं तेव्हा

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांच्या उतरंडीत खालून दुसरं गाडगं सरकीचं असायचं. कापूस वेचताना चांगल्या झाडाची भरलेली बोंडं त्या वेगळ्या ओट्यात टाकायच्या. मधल्या वेच्याचीच घ्यायच्या, पहिल्याची नाही आणि शेवटच्याची तर नाहीच. मग रिकाम्या दुपारी हातानं रुई ओढून सरकी मोकळी करायची, उन्हात खडखडीत वाळवायची, राख आणि लिंबाचा पाला घालून गाडगं बंद करायचं. पेरणीच्या आदल्या दिवशी शेणकाल्यात ती सरकी चोळायची, म्हणजे तिची लव बसते आणि दाणा दाण्याला चिकटत नाही. कोणत्या झाडाचं बी धरायचं हे आत्याबाई ठरवायच्या. त्याला पैसा लागत नव्हता, डोळा लागत होता.

आपला हा मुलूख काळ्या मातीचा. निजामाच्या राज्यात परभणी-नांदेडकडची गावरानी कपाशी नावाजलेली होती. १९०० सालच्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली. आपलं पेडगाव स्टेशन त्याच मार्गावरचं. रेल्वेमागून परभणी, सेलू, मानवत भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. त्याआधी सरकी काढायचं काम घरोघर हातचरकीवर बायाच करायच्या. जिन आल्यावर कापूस सरकीसकट गाडीत भरून जायला लागला. बायांच्या हातातून कापसाचं एक काम तेव्हाच गेलं. तरी बियाण्यापुरती सरकी मागं ठेवायची रीत राहिली. व्यापारी कापूस नेत होता, बी अजून घरचंच होतं.

हायब्रीड आलं

१९७० साली गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हा कपाशीचा वाण काढला. जगात व्यापारी लागवडीसाठी आलेला कपाशीचा हा पहिला हायब्रीड. पुढं १९८४ साली आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड केंद्रावरून नांदेड-४४ आला. कोरडवाहू रानात तग धरणारा, रस शोषणाऱ्या किडींना टिकणारा. आपल्यापैकी ज्यांची लग्नं त्या काळातली, त्यांना 'चव्वेचाळीस' म्हटलं की आठवेल.

पण हायब्रीडची एक अट असते. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून ते बी बनतं. त्याच्या पिकातली सरकी पुन्हा पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, एक उंच, एक खुजं, एकाला बोंडं, एकाला नुसता पाला. म्हणजे दरवर्षी बी विकतच घ्यावं लागतं. आत्याबाईंचं गाडगं रिकामं झालं ते इथं. मात्र नांदेड-४४ सरकारी विद्यापीठाचा होता. सरकारी महाबीजही त्याचं बी करायचं आणि खासगी कंपन्याही करायच्या. चार जण विकत होते, म्हणून किंमत आवाक्यात राहिली.

आणि हे बी बनवतं कोण? सरकीचा सीड प्लॉट ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी शोधायची, नखानं तिची पाकळी आणि पुंकेसर अलगद काढायचे, खूण बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्यावर घासायचं. एकेका फुलाला दोनदा हात लावायचा आणि असं महिना-दोन महिने रोज. हे काम बायांचं आणि मुलींचं. आंध्र, गुजरात, कर्नाटकातल्या सीड प्लॉटवर शाळेच्या वयाच्या मुली राबतात, हे २००० सालानंतर अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा मांडलं, तेव्हा देशभर गवगवा झाला. कारण सरळ होतं. बियाण्याच्या उत्पादनात सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा. कंपनी प्लॉटवाल्या शेतकऱ्याला किलोमागं ठरलेला भाव देते. त्या भावात मोठ्या बाईची मजुरी बसली नाही की शेतकरी पोरीला बोलावतो. कंपनी म्हणते, मजूर आमचे नाहीत. प्लॉटवाला म्हणतो, भाव माझ्या हातात नाही. मधे पोरीची शाळा सुटते.

२००२ ची बॅग

१९९० नंतरची दहा वर्षं आठवा. बोंडअळीनं नुसता उच्छाद मांडला होता. फवारणीवर फवारणी, तरी अळी मरत नव्हती. औषधाची उधारी फेडता फेडता माणसं खचली. म्हणून जेव्हा कुणी म्हणालं की असं बी आलंय ज्याला बोंडअळीच लागत नाही, तेव्हा लोकांनी हात पुढं केला. त्यात लोकांचं काही चुकलं नाही.

ते बी म्हणजे बीटी. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, त्यामुळं झाडच अळीला विष ठरतं. हे तंत्र अमेरिकेतल्या मोन्सॅन्टो कंपनीचं. तिनं जालन्याच्या महिको कंपनीशी भागीदारी केली. महिको म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली सुरू केलेली, आपल्या मराठवाड्याचीच. दोघांची मिळून महिको-मोन्सॅन्टो बायोटेक कंपनी झाली आणि मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीनं बीटी कपाशीच्या तीन हायब्रीड वाणांना परवानगी दिली.

आता किमतीचं ऐका. तेव्हा साध्या हायब्रीडची ४५० ग्रॅमची बॅग चार-साडेचारशे रुपयांना मिळायची. बीटीची बॅग आली सोळाशेला. पुढं काही वाण साडेअठराशेपर्यंत गेले. बाईची निंदायची मजुरी त्या वेळी चाळीस रुपये धरा. सोळाशे भागिले चाळीस, म्हणजे चाळीस दिवस. एका एकराचं बी घ्यायला एका बाईनं चाळीस दिवस रानात वाकायचं, आणि तेही पावसाचा पहिला थेंब पडायच्या आधी.

हे पैसे जात कुठं होते? बॅगेच्या किमतीतले हजाराहून जास्त रुपये बियाण्याचे नव्हतेच. ते त्या जनुकाच्या परवान्याचे होते. पुढं चाळीसहून जास्त देशी कंपन्यांनी बीटी बियाणं काढलं. दुकानात नावं अनेक, बॅगांवर चित्रं अनेक, पण प्रत्येक बॅगेमागं परवान्याचे पैसे एकाच घरी पोचत होते. बाजारात दहा दुकानं आणि दहाही दुकानांचा धनी एकच, असं झालं. चव्वेचाळीसच्या काळात आणि या काळात फरक पडला तो इथं.

कंपनीचं म्हणणंही सांगते. ती म्हणायची, हे शोधायला आम्ही वर्षानुवर्षं पैसा घातला, तो वसूल व्हायला नको का? आणि फवारणी वाचली तर शेतकऱ्याचाही फायदाच आहे. पहिली काही वर्षं तसं झालंही. फवारण्या कमी झाल्या, देशाचं हेक्टरी रुईचं उत्पादन तीनशे किलोंच्या आसपासून २००७-०८ पर्यंत पाचशेच्या वर गेलं. दहा-बारा वर्षांत कपाशीचं नव्वद टक्क्यांहून जास्त रान बीटीखाली आलं. तेव्हा तंत्र खोटं होतं असं मी म्हणत नाही. प्रश्न किमतीचा होता. ज्या घरात दुसरा पर्याय उरत नाही त्या घराकडून किती घ्यायचं, याला काही मर्यादा आहे की नाही?

एका हंगामात निम्मी किंमत

हा प्रश्न शेजारच्या आंध्र प्रदेशानं विचारला. शेतकऱ्यांची ओरड वाढली तेव्हा जानेवारी २००६ मध्ये आंध्र सरकारनं दिल्लीच्या मक्तेदारी आयोगाकडं तक्रार केली. बाजारात एकट्याची सत्ता असलेला कुणी ग्राहकाला नाडत असेल तर ते बघणारा हा आयोग. आयोगापुढं साधी तुलना झाली. हेच जनुक, हीच कंपनी, पण चीनमध्ये याचे पैसे कितीतरी कमी. मग इथंच इतके का?

मे २००६ मध्ये आयोगानं कंपनीला परवाना शुल्क वाजवी करायला सांगितलं. आंध्रनं बॅगेची किंमत ७५० रुपये ठरवली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, पण तिथं स्थगिती मिळाली नाही. मग महाराष्ट्रासह इतर राज्यांनीही तेच केलं. सोळाशेची बॅग साडेसातशेला विकली जाऊ लागली. आणि गंमत बघा बायांनो, निम्म्या किमतीत विकूनही एकही कंपनी देश सोडून गेली नाही. उलट विक्री वाढली. म्हणजे आधी घेतलेले साडेआठशे रुपये बियाण्याच्या खर्चाचे नव्हते, आपल्या गरजेचे होते.

मला या इतिहासातलं हे पान सगळ्यात मोलाचं वाटतं. आपण किमतीकडं पावसासारखं बघतो. वरून येते, आपण काय करणार? पण किंमत वरून पडत नाही, कुणीतरी बसून ती लिहितं. आणि जे लिहिता येतं ते खोडताही येतं.

त्यानंतर महाराष्ट्रानं २००९ साली कापूस बियाण्याचा कायदा केला. किंमत ठरवायचा आणि बियाणं फसलं तर भरपाई मागायचा रस्ता त्यात आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं देशभरासाठी किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ च्या हंगामात बीटीच्या दुसऱ्या पिढीच्या बॅगेची कमाल किंमत ८०० रुपये ठरली आणि त्यातलं परवाना शुल्क फक्त ४९. एके काळी हजारावर असलेलं शुल्क ४९ वर आलं. २०२० साली तर ते शून्यच झालं. २०२५ च्या हंगामाला बॅगेची कमाल किंमत ९०१ रुपये होती. दुकानदार त्याहून जास्त मागत असेल, किंवा हव्या त्या वाणासोबत नको ते खत गळ्यात मारत असेल, तर ते कायद्यात बसत नाही.

अळी परत आली

किंमत खाली आली, पण तोवर दुसरी गोष्ट घडली होती. ज्या अळीसाठी एवढे पैसे मोजले तीच परत आली. गुजरातेत गुलाबी बोंडअळीवर पहिल्या पिढीचं बीटी चालेनासं झालंय, हे २०१० साली कंपनीनंच मान्य केलं. दुसरी पिढी २००६ पासून बाजारात होती, तिलाही अळी सरावली.

असं का झालं? त्याचं उत्तर एका छोट्या पाकिटात होतं. बॅगेसोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी बियाण्याचं पाकीट यायचं. ते रानाच्या कडेनं पेरायचं होतं. त्या झाडांवर साध्या अळ्या जगतील, त्यांचा विष पचवणाऱ्या अळ्यांशी संकर होईल आणि विष पचवणारी जात माजणार नाही, असा त्यामागचा हिशोब. आपल्याकडं किती जणींनी ते पेरलं? कुणी सांदीत लावलं, कुणी फेकून दिलं. अळीला रान सोडायचं म्हणजे वेडेपणाच वाटायचा. बॅग विकायला गाड्या फिरल्या, भिंती रंगल्या, गावोगाव पडद्यावर चित्रं दाखवली. त्या छोट्या पाकिटाचं कारण आमच्या गल्लीत कुणी येऊन सांगितलं नाही. ज्यातून विक्री होते ते सांगितलं गेलं, ज्यातून पीक वाचतं ते राहून गेलं. त्यात डिसेंबरनंतरही पाणी देऊन फरदड धरायची आपली सवय. अळीला बारा महिने चारा मिळाला.

२०१७ चा हंगाम कुणी विसरलं नसेल. मराठवाडा-विदर्भात बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. वेचायला गेलेल्या बाईचा दिवस सरायचा पण झोळी भरायची नाही. वेचणी किलोवर असते, म्हणजे अळीनं शेतकऱ्याचा कापूस खाल्ला आणि मजूर बाईची मजुरीही खाल्ली. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या बियाण्यानं फवारणी संपणार होती, त्याच पिकावर फवारताना माणसं मेली.

सरकारनं डिसेंबरात मदत जाहीर केली. कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, आणि त्यातले १६,००० बियाणे कंपन्यांकडून घ्यायचे होते. त्यासाठी २००९ च्या कायद्याखालचा 'जी फॉर्म' भरायचा होता. लाखो लोकांनी तो भरला. जबाबदारी आमची नाही, असं कंपन्यांचं म्हणणं पडलं आणि सुनावण्या सुरू झाल्या.

आमच्या घरात काय झालं ते सांगते. फॉर्मला पावती लावायची होती. मी सगळं घर उलथंपालथं केलं. डबे, ट्रंक, देव्हाऱ्यामागची पिशवी, सगळं. पावती नव्हती. बी उधारीवर आणलेलं आणि उधारीत पावती मागायला तोंड होत नाही. रिकाम्या बॅगेत मी तिखट भरून ठेवलं होतं. दाण्यादाण्याला जपणाऱ्या आत्याबाईंच्या घरात बियाण्याचा एक कागद जपला गेला नाही. ती सल अजून आहे.

आता काय हातात आहे

सध्या आणखी एक बी चोरून फिरतंय. तणनाशक मारलं तरी न जळणारं. सरकारची त्याला परवानगी नाही. निंदायचा खर्च वाचतो म्हणून लोक घेतात, आणि त्यांची अडचण खोटी नाही. पण त्याची पावती मिळत नाही. उगवलं नाही तर दाद मागायला जागा नाही. आणि निंदणी म्हणजे बायांची पावसाळ्यातली मजुरी. एका घराचा खर्च वाचतो तेव्हा दुसऱ्या घराची चूल थंडावते, एवढं गटात बसून बोलायला हवं.

हातात काय आहे तेही सांगते. २००१ साली देशात पीक वाणांचा आणि शेतकरी हक्कांचा कायदा झाला. घरचं बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि छापील नावाशिवाय विकायचाही हक्क त्यात आपल्याला आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. म्हणजे परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार आपल्यालाही उघडं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशी कपाशीचे सरळ वाण काढलेत आणि अलीकडे बीटीमधलेही सरळ वाण तयार केलेत. सरळ वाणाचं बी आपलं आपल्याला धरता येतं. दरवर्षी १८ मेच्या सुमारास विद्यापीठात खरीप मेळावा भरतो, तिथं बियाणंही विकतात. गटातल्या दोघी-तिघी जाऊन आल्या तर एखाद्या कोपऱ्यात दहा ओळी लावून बघता येतील. सगळं रान त्यावर टाका असं मी म्हणणार नाही. आधी बघू, मग बोलू.

आणि या आठवड्यात प्रत्येकीनं एक काम करायचं. बी घरात आलं की पावती मागायची, उधारीवर असलं तरी. पावतीवर वाणाचं नाव, लॉट नंबर आणि किंमत आहे का ते पोरीकडून वाचून घ्यायचं. रिकामी बॅग, तिचं लेबल, मूठभर बी आणि पावती एकत्र बांधून शेवटचा वेचा होईपर्यंत ठेवायचं. मोबाईलवर त्याचा फोटो काढून गटातही टाकायचा. एकीची हरवली तर दुसरीकडं राहील. पीक फसलं तर वाट न बघता तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. आत्याबाईंचं ते गाडगं अजून माळ्यावर आहे. कान तुटलाय, पण धड आहे. यंदा ते खाली काढलंय. सरकी नाही, तर निदान पावती त्यात ठेवीन. आणि दहा ओळींचा प्रयोग साधला, तर पुढच्या मृगाला त्यात सरकीही असेल.